मेंढा (लेखा)ला जाताय? मोजपट्टी सोबत न्या

आपलं जंगल आणि बांबू ग्रामसभेमार्फत स्वतः सांभाळणारं मेंढा गडचिरोलीहून धानोऱ्याच्या एसटीने तीसेक किलोमीटरवर लागतं. रेल्वेने येणाऱ्यांनी वडसा (देसाईगंज) किंवा चंद्रपूरला उतरावं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात बांबूतोड बंद असते, आणि मार्चपासून अख्खं गाव आधी मोहफुलाच्या आणि मग तेंदूपत्त्याच्या मागे. धानोरा तालुका मलेरियाचा आहे, तेव्हा मच्छरदाणी न्याच.

आधी ग्रामसभेला पत्र पाठवा. इथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाची हरकत असली तरी विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. घाईचा कार्यक्रम आखून जाणाऱ्यांची इथे फजिती होते.

2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. कागद हाती आला, पण वाहतूक परवान्याशिवाय बांबू विकता येईना. 27 एप्रिल 2011 ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे आलं. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या नियमदुरुस्तीने हे परवाने देणं ग्रामसभेच्या समितीचं काम ठरलं. आपल्या गावाला हक्क मिळाला असेल, तर ही दुरुस्ती छापून जवळ ठेवा; सरकारी टेबलावर तीच कामी येते.

जंगलात गेल्यावर रांजी, म्हणजे बांबूचं बेट, नीट बघा. नवे वास्ते (कोंब) कडेने फुटतात, जुना बांबू मधोमध असतो. तोडणारा सोयीने कडेचाच कापतो, मग मधला गुंता वाढून रांजी कोंडते. म्हणून वास्त्यांच्या विरुद्ध बाजूने घोड्याच्या नालेसारखी वाट करून आत शिरायचं आणि एक-दोन वर्षांचे बांबू सोडायचे. घाव पेराच्या (गाठीच्या) लगेच वर घालायचा. दोन पेरांच्या मध्ये कापला, तर खुंटाची वाटी होते, तीत पाणी साचतं आणि खुंट कुजतो.

आता जंगलातल्या कार्बनची मोजणी. 0.1 हेक्टरचा चौकोन म्हणजे 31.62 मीटरची बाजू. दोरी लावली की कर्ण मोजा, दोन्ही 44.72 मीटर भरले तरच चौकोन सरळ. उतारावर टेप जमिनीला टेकवू नका, आडवी ताणा. झाडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर घ्यायचा, उतारावर वरच्या बाजूने उंची धरून, वेल बाजूला सारून. 94 सेंटिमीटर घेराचा साग म्हणजे 30 सेंटिमीटर व्यास. नवखे घेरच व्यासाच्या रकान्यात भरतात आणि जैवभार (झाडाचं कोरडं वजन) दहापट किंवा त्याहूनही जास्त फुगतो. कोरड्या जैवभाराला 0.47 ने गुणलं की कार्बन, त्याला 3.67 ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड.

एवढी मेहनत कशाला? कारण जंगल राखण्याचा आंतरराष्ट्रीय पैसा मोजणीवर चालतो. 2007 च्या बाली हवामान परिषदेत आकाराला आलेली आणि 2013 ला वॉर्सॉत नियमांची चौकट मिळालेली ‘रेड प्लस’ ही जंगलतोड घटवण्यासाठी पैसे देणारी व्यवस्था मुख्यतः घटलेल्या वा टळलेल्या उत्सर्जनाचा हिशेब धरते. तो हिशेब आधीच्या पातळीशी ताडतात. आधीपासूनच जंगल राखणाऱ्या गावाची त्यात पंचाईत होते: तोड नव्हतीच, तर घटली काय दाखवणार? 2025 ला ब्राझीलमधल्या बेलेमला सुरू झालेला उष्णकटिबंधीय वनांचा निधी उभ्या जंगलासाठी हेक्टरी सुमारे 4 डॉलर धरतो आणि किमान 20 टक्के वाटा आदिवासी व स्थानिक समुदायांसाठी ठेवतो. पण तो दमट, रुंदपर्णी जंगलांसाठी आहे आणि पैसे देशाला मिळतात. विदर्भाचा साग-बांबू बहुतेक कोरडा पानझडी. त्यामुळे ‘आपले हेक्टर गुणिले चार’ असं गणित ग्रामसभेत मांडू नका.

जंगलात साठलेल्या कार्बनच्या विक्रीचा करार घेऊन कोणी दारात आलं, तर तीन गोष्टी लिहून मागा: मुदत किती वर्षांची, वणव्यात जंगल जळालं तर भरपाई कोणाच्या माथी, आणि सरपण, चराई, मोहफूल यांवर कोणतं बंधन. उत्तर तोंडी मिळालं, तर सही पुढच्या सभेवर ढकला.

परतीची शेवटची एसटी कितीची, हे मेंढ्याला उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.