बाहुली बाहेरची, संसार इथला : आमची वाटचाल

आमच्या धंद्याची सुरुवात दुसऱ्यांच्या बाहुल्या मागवून देण्यातून झाली. 2015 च्या सुमारास पुण्यात संग्रहासाठी बाहुल्या घेणारी मोठी माणसं थोडीच होती आणि बहुतेक जणी एकमेकींना ओळखून होत्या. एकीला जपानची ब्लाइथ हवी असायची, दुसरीला कोरियातल्या एखाद्या स्टुडिओची बॉल जॉइंटेड बाहुली, तिसरीला मॅटेलने नुकतीच काढलेली 22 सांध्यांची बार्बी, कारण तिला ती मांडी घालून बसवायची होती. प्रत्येकीने सुटं मागवलं तर टपालखर्चच अंगावर यायचा. म्हणून मी आणि माझ्या जाऊबाईंनी एकत्र ऑर्डर काढायला सुरुवात केली. चारपाच जणींचं सामान एका खोक्यात, खर्च वजनाप्रमाणे वाटून, वर आमची थोडी हमाली. नारायण पेठेत सासऱ्यांची एक खोली रिकामी होती. तिथे खोकी उघडायची, वाटप करायचं, चहा व्हायचा. घरच्यांच्या लेखी ती आमची भिशीच होती.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्लाइथ ही मुळात अमेरिकेतल्या केनर कंपनीने 1972 साली काढलेली, मोठ्या डोक्याची बाहुली. डोक्यामागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलतो, असे चार रंग. तिथे ती वर्षभरातच बंद पडली आणि 2001 मध्ये जपानच्या टाकारा कंपनीने तिला पुन्हा बाजारात आणलं. बॉल जॉइंटेड, म्हणजे गोळ्यांच्या सांध्यांची, बाहुली वेगळी. क्योटोच्या व्होक्स कंपनीने 1999 मध्ये सुपर डॉल्फी काढली आणि तिथून हे वेड पसरलं. अंग रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या कडक प्लॅस्टिकचं, आतून इलॅस्टिक ओवलेलं. डोळे, केस, कधी हातपायही बदलता येतात. म्हणजे बाहुली एकदाच घेतली जाते, तिच्या मागचं घेणं मात्र कधी संपत नाही. धंदा त्या दुसऱ्या भागात आहे हे आमच्या जाऊबाईंनी माझ्याआधी ओळखलं.

मग 2020 चा अर्थसंकल्प आला. खेळण्यांवरची आयात ड्यूटी 20 टक्क्यांवरून थेट 60 वर गेली आणि 2023 मध्ये 70 झाली. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. आमची बाहुली चाळिशीतल्या बाईच्या काचेच्या कपाटात राहणार असते हे खरं, पण खोक्यावर चित्र बाहुलीचं म्हटल्यावर ते कस्टमच्या माणसाला पटवण्यात दिवस जातात आणि तिकडे गोदामाचं भाडं चालू राहतं. नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारने अलीएक्स्प्रेस या चिनी खरेदीच्या अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा बूट, विग, चष्मे असलं बारीक सामान मागवण्याची सगळ्यांची सवयीची वाटही गेली.

अजूनही परदेशातला विक्रेता मोठ्या मनाने विचारतो, "खोक्यावर गिफ्ट लिहू का?" नको म्हणून सांगावं. डिसेंबर 2019 पासून भेटवस्तू म्हणून टपालाने किंवा कुरियरने आलेली वस्तू पूर्ण ड्यूटी भरल्याशिवाय सोडवता येत नाही. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी अपवाद. किंमत कमी लिहून घेण्याचा सल्लाही कुणीतरी देतंच. तो ऐकला आणि खोकं वाटेत हरवलं, की विम्याचे पैसेही त्या खोट्या किमतीएवढेच हातात पडतात.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही कागदावर हिशेब मांडून दाखवतो. समजा बाहुली 12,000 रुपयांची आहे आणि टपालखर्च 3,000. ड्यूटी 12,000 वर लागत नाही, टपालखर्च आणि विमा धरून लागते. विमा सोडून दिला तरी 15,000 वर 70 टक्क्यांनी 10,500. झाले 25,500. त्यावर तेव्हाचा 12 टक्के जीएसटी धरला तर 28,560. सप्टेंबर 2025 मध्ये खेळण्यांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, त्या दराने 26,775. वर कुरियरवाल्याची फी आणि कार्डावरचा परकीय चलनाचा आकार वेगळा. हा झाला विकण्यासाठी माल आणणाऱ्याचा हिशेब. स्वतःपुरता एक नग मागवणाऱ्याला वेगळा दर लागतो आणि तो बदलत असतो, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर बघावा, मैत्रिणीला गेल्या वर्षी काय पडलं ते विचारू नये.

या हिशेबातून एक गोष्ट लगेच दिसते. जड आणि स्वस्त वस्तू परदेशातून आणली की टपालखर्च मूळ किमतीच्या वर जातो आणि त्या टपालखर्चावरही ड्यूटी भरावी लागते. बाहुलीचं लाकडी कपाट, खुर्ची, तांब्यापितळेची भांडी यांत हमखास नुकसान. काचेचे डोळे, मोहेरचा विग, बूट, आतलं इलॅस्टिक अडकवायचे एस आकाराचे हूक यांचं वजन नगण्य आणि तसा माल आपल्याकडे बनत नाही. ते खुशाल बाहेरून आणावं. बाहुल्यांची घाऊक आयात आम्ही थांबवली ती याच सुमारास आणि खोलीत दोन शिलाई मशिनं आणली.

आमच्या गटात ड्यूटीला शिव्या घालणाऱ्याच जास्त. माझं मत तितकं सरळ नाही. बाहुलीची बाहेरची 20 डॉलरची साडी सुखाने घरपोच येत असती, तर आम्ही सुई हातात धरली नसती.

सुरुवातीला वाटलं, पुण्यात कशाला काही बनवायचं? तुळशीबाग आहे की! भातुकली तिथे डझनावारी मिळते. पण ती लहान मुलीच्या हाताच्या मापाने केलेली असते. चूल मोठी, पोळपाट त्याहून लहान, आणि बंब चुलीएवढा. संग्राहकाला सगळं एकाच मापात लागतं. बार्बी किंवा ब्लाइथसाठी खऱ्या वस्तूचा सहावा हिस्सा, मोठ्या बॉल जॉइंटेड बाहुल्यांसाठी चौथा किंवा तिसरा. 1:6 च्या स्वयंपाकघरात एक वाटी जरी मोठी निघाली तरी फोटोत सगळा संसार खोटा दिसतो. त्यामुळे आमची काही गिऱ्हाइकं पर्समध्ये बाहुली घेऊन तुळशीबागेत फिरतात आणि दुकानदारांना आता त्याचं काही वाटत नाही.

तांब्याच्या भांड्यांसाठी आम्ही कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. एका काकांसमोर बंबाचा कागदी नमुना ठेवला. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाले, "अहो ताई, यात पाणी किती मावणार?" शोभेचा आहे म्हटल्यावर त्यांचा रस गेला. पण मठारकामाचा विषय काढला तसा परत आला. अडचण खरी होती. भांड्यावर जे ठोके दिसतात ते हातोड्याच्या तोंडाच्या मापाचे असतात. भांडं सहापट लहान केलं आणि हातोडा तोच ठेवला, तर चार ठोक्यांत बंब संपतो आणि पोचे पडल्यासारखा दिसतो. काकांनी एक जुना हातोडा घासून घासून त्याचं तोंड बारीक केलं. त्यांचा पहिला घंगाळ-बंबाचा जोड आम्ही विकला नाही.

नऊवारीची गोष्ट याहून चिकट. खरी साडी नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. सहाने भागलं तर पावणेचौदाशे मिलिमीटर कापड बाहुलीच्या कमरेला गुंडाळायचं. लांबी भागता येते, कापडाची जाडी भागता येत नाही. निऱ्यांचा गठ्ठा होतो आणि बाहुली पोटाशी उशी बांधल्यासारखी उभी राहते. म्हणून आम्ही लांबी निम्म्यावर आणली, निऱ्या आतून टाचल्या आणि कासोटा शिवूनच दिला. काठ अर्ध्या इंचाच्या आत लागतो. पैठणीचा मोर त्यात बसत नाही, हे दर महिन्याला कुणाला तरी समजावावं लागतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची वीण मात्र बारीक असल्याने ती या मापात खरी वाटते. चोळ्या आम्ही त्याच्याच करतो. एक सांगायलाच हवं, लाल आणि गडद हिरव्या कापडाचा रंग रेझिनला आणि व्हिनाइलला लागतो आणि मग तो निघत नाही. कापड आधी रंग सुटायचं थांबेपर्यंत धुवायचं आणि आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर द्यायचं. परदेशातून स्वस्तात आलेल्या कपड्यांना हे अस्तर सहसा नसतं. चाळीस हजारांच्या बाहुलीच्या मांड्या गुलाबी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

दागिन्यांचं आम्हाला सोपं गेलं, कारण गौरींसाठी लहान दागिने करणारे हात या शहरात आहेतच. ठुशी, बकुळीहार, पुतळ्यांची माळ हे सगळं पटवेकऱ्यांकडून गाठवून घेतो. मोत्यांऐवजी अगदी बारीक काचमणी. नथ चारपाच मिलिमीटरची होते. ती लावायला बाहुलीचं नाक टोचायचं नाही (विचारतात, म्हणून लिहिलं), आणि डिंकही नाही; मेणाचा एक कण पुरतो. धातू व्हिनाइलला थेट टेकू द्यायचा नाही. 1960 च्या दशकातल्या बार्बींचे कान कुड्यांमुळे हिरवे पडलेले असतात, ते याच कारणाने. लाकडी पाट आणि जातं सावंतवाडीहून येतं. केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते बघून आम्ही काही नमुने काढले, त्यातला अडकित्ता अजून कुणाला नीट जमलेला नाही.

टिचबटणं मात्र आम्ही आजही बाहेरून आणतो. बोहरी आळीत मिळणारं सगळ्यात लहान बटण सहाव्या हिश्श्याच्या चोळीवर फार मोठं दिसतं. चार मिलिमीटरचं हवं असतं, आणि पट्ट्यांचे बक्कल तर त्याहून बारीक.

आता बाहुलीचं. नवीन बाहुली परदेशातून मागवण्याआधी आम्ही गिऱ्हाइकाला देशातच कुणी संग्रह कमी करतंय का ते बघायला सांगतो. इथे आलेल्या बाहुलीवरची ड्यूटी आधीच कुणीतरी भरलेली असते, ती हातात घेऊन पाहता येते आणि काही बिनसलं तर माणूस पुण्या-मुंबईत सापडतो. बॉल जॉइंटेड बाहुली ऑर्डर दिल्यावर ओतली जाते, त्यामुळे स्टुडिओकडून कित्येक महिने थांबावं लागतं. आणि तडा गेलेली आली तर परत पाठवण्याचा खर्च आपला, भरलेली ड्यूटी परत मिळवणं त्याहून कठीण. जुनी घेताना रेझिनचा रंग दिवसाच्या उजेडात बघावा, चेहरा आणि छाती यांच्या छटेत फरक असेल तर ती खिडकीत उभी होती असं समजावं. उन्हाने रेझिन पिवळं पडतं आणि आपला एप्रिल-मे त्याला पुरेसा असतो. जुन्या व्हिनाइलचे पाय चिकट लागले तर आतलं तेलकट द्रव्य बाहेर येतंय. पावसाळ्यात ते वाढतं.

देशात स्वस्त दिसतं म्हणून भुलू नये, हेही तितकंच खरं. अर्ध्या किमतीत मिळणारी बॉल जॉइंटेड बाहुली बहुतेकदा मूळ बाहुलीवरून साचा काढून ओतलेली नक्कल असते. मूळ कलाकाराला त्यातलं काही मिळत नाही आणि सांधेही नीट बसत नाहीत. आमच्याकडे अशा बाहुल्या कपडे शिवून घ्यायला येतात. कपडे आम्ही शिवतो, विकायला ठेवत नाही. जाऊबाईंना तेही पटत नाही.

गंमत म्हणजे काही बाहुल्यांसाठी बाहेरचे लोक आपल्याकडे बघतात. लिओ मॅटेलने 1980-90 च्या दशकांत भारतात बनवलेल्या साडीतल्या बार्बी आणि नंतरची 'एक्सप्रेशन्स ऑफ इंडिया' मालिका यांना परदेशी संग्राहकांत मागणी आहे. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात आम्ही त्यासाठीच चक्कर मारतो. खोकं शाबूत असलेली क्वचित मिळते, केस कापलेली मात्र नेहमी मिळते.

आमच्या नऊवाऱ्या आणि नथी अमेरिकेतही जातात. 29 ऑगस्ट 2025 पासून तिथली 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी गेली. आपल्या टपाल खात्याने त्याआधीच तिकडची पार्सलं थांबवली होती, ती 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. आता तिथल्या बायका आम्हाला तेच विचारतात जे कोथरूडच्या बायका विचारतात: टपालखर्चावर किती, एकूण किती, त्यापेक्षा इथलंच घेऊ का? आम्ही सांगतो, बूट आणि विग तुमच्याकडचेच घ्या, नथ आणि घंगाळ आमच्याकडून, आणि दोघीतिघींनी मिळून एका खोक्यात मागवा. फक्त श्रावण-भाद्रपदात दागिन्यांची ऑर्डर देऊ नका. तेव्हा पटवेकरी गौरींचं काम करत असतात आणि आमचा फोनही उचलत नाहीत.