ही ओळ वगळायची का?

बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ‘तुला काय महत्त्वाचं वाटतं’ असं थेट विचारलं, की वर्गच्या वर्ग संत होतो. म्हणून आम्ही मानसशास्त्रज्ञ श्वार्ट्झ यांच्या, माणसाची मूल्यं मोजणाऱ्या प्रश्नावलीतली छोटी शब्दचित्रं वापरतो. ‘आजूबाजूच्यांना मदत करणं त्याला फार महत्त्वाचं वाटतं.’ हा मुलगा तुझ्यासारखा किती? समोर 6 चौकटी, एकीत खूण. मुलींच्या कागदावर ‘तिला’. मग प्रत्येक मुलाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करायची, कारण काही जण सगळीकडेच वरची चौकट धरतात. शिक्षकांना बाहेर थांबायची विनंती असते. तरीही ते रांगांतून फिरतात, आणि खोडरबरं सुरू होतात!

त्या दिवशी मी दोन फाइली जुळवत होते: मुलांची स्वतःची उत्तरं, आणि ‘अडचणीत कोण धावून येतं?’ याला वर्गमित्रांनी दिलेली नावं. फाइलीतली एक ओळ म्हणजे एक मूल. एका सांकेतिक क्रमांकाला सर्वाधिक पसंती होती. परोपकाराच्या गुणांत तोच क्रमांक तळाला.

“टिवल्याबावल्या केल्यात, वगळ,” सहकारी म्हणाला. संख्याशास्त्रात त्याचा हात धरणारं कोणी नाही, पण तो वर्गात कधी गेलेला नाही. एकाच मूल्याची विधानं प्रश्नावलीत विखुरलेली असतात; या मुलाची उत्तरं तरीही एकमेकांशी नीट जुळत होती.

पालकांची संमती आणि त्याचा स्वतःचा होकार होता, म्हणून नंतरच्या मुलाखतींत त्याला घेतलं. मित्रांनी तुझं नाव घेतलं, हे सांगायची अर्थातच मुभा नसते. त्याने विधान मोठ्याने वाचलं, शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “मला नाही आवडत. कंटाळा येतो. पण तो आजारी होता, मग वह्या कोण नेऊन देणार?”

बार्डी आणि श्वार्ट्झ यांच्या 2003च्या अभ्यासात परोपकाराचं मूल्य आणि तसं वागणं यांचा संबंध क्षीणच निघाला होता. त्यांचं स्पष्टीकरण असं, की जिथे समूहाचा दबाव असतो तिथे मूल्य नसलेलेही तसंच वागतात. पटतं. पण दबाव तर अख्ख्या वर्गावर होता, वह्या घेऊन हाच गेला.

त्याच फाइलीत खाली एक मुलगी आहे. परोपकारात जवळजवळ सगळ्यात वर, आणि वर्गातल्या एकानेही तिचं नाव घेतलेलं नाही. ती ओळ वगळ, असं सहकारी म्हणाला नाही. मलाही तोवर ती खटकली नव्हती.