आधी टोपली, मग सुरी

आपल्या खानदेशी स्वयंपाकात चिरण्यापेक्षा कुटणं जास्त. वांगी भाजायची आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, ठेचायची. मिरच्या-लसूण तव्यावर परतायचे आणि तिथल्या तिथे तांब्याच्या बुडाने रगडायचे. काळ्या मसाल्याचं कांदा-खोबरं भाजून पाट्यावर, म्हणजे आता मिक्सरमध्ये, वाटायचं. शेवभाजीला तर कांदा आणि वरून कोथिंबीर सोडली तर चिरायला आहेच काय? म्हणून घरात कोणत्या सुऱ्या असाव्यात असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, बाजारातून तुझ्या टोपलीत काय येतं ते आधी सांग.

यावेळी विचारणारी माझी भाची होती. पुण्यात नोकरी लागली, मैत्रिणींबरोबर भाड्याने फ्लॅट घेतला आणि मोबाइलवर एका सेटचा फोटो पाठवला. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सुऱ्याच सुऱ्या. "मावशी, घेऊन टाकू का? ऑफर आजच आहे." त्यातली एक सुरी खास हाडापासून मांस सोडवायची होती. पोरगी अंडंसुद्धा खात नाही.

तर टोपली. गिलके, दोडके, गवार, भेंडी, मेथी, कांद्याची पात, वांगी, बटाटे, टोमॅटो. उन्हाळ्यात कैरी, टरबूज, डांगर म्हणजे लाल भोपळा. यातल्या अर्ध्या भाज्या तर हातानेच मोडायच्या किंवा निवडायच्या. गवारीला सुरी लावली तर माझी आई आजही बोलते. उरलेल्या कामाला एक मोठी सुरी, एक लहान सुरी आणि धार लावायचा दगड पुरतो. सेटच्या पैशात हे तिन्ही चांगल्या प्रतीचे येतात.

मोठी सुरी म्हणजे सात-आठ इंच पात्याची. आपल्याकडच्या बायका ही बघूनच घाबरतात, कारण आपल्याला लहान सुरी हातात धरून पातेल्यावर अधांतरी बटाटा कापायची सवय. मोठ्या सुरीला पाट लागतो, पाटाखाली ओलं फडकं लागतं, म्हणजे तो सरकत नाही. पण एकदा हात बसला की पातीची जुडी बघता बघता होते. टोक पाटावर टेकलेलंच ठेवायचं, मागची बाजू वरखाली करायची, आणि डाव्या हाताची बोटं आत मुडपून घ्यायची, म्हणजे पातं बोटांच्या मधल्या पेरांना घासून चालतं, नखापर्यंत पोचत नाही. कांद्याचंही तसंच. बोथट सुरी कांदा चिरत नाही, चेंगरते. चेंगरला की त्यातला झोंबरा वायू जास्त सुटतो आणि डोळ्यांना धारा लागतात. कांद्याला नावं ठेवण्याआधी सुरी बघावी.

दुकानात गेल्यावर सुरी हातात घेतल्याशिवाय घेऊ नये. मुठीला नुसतं धरू नका. अंगठा आणि तर्जनी पात्याच्या मुळाशी, पात्यालाच चिमटीत धरा. आता काउंटरवर टेकवून बघा. बोटांची पेरं खाली आपटत असतील तर पातं तुमच्या हाताला अरुंद आहे. मग पातं डोळ्यासमोर धरून टोकाकडे बघा, वाकलेलं नको. मुठीत पात्याचं लोखंड शेवटपर्यंत गेलेलं असलं तर उत्तम, आणि मूठ नि पातं यांच्यात फट असली तर ती सुरी परत ठेवा. त्या फटीत पाणी आणि मसाला जाऊन बसतो आणि मूठ एक दिवस हलायला लागते.

आणि पर्समध्ये लोहचुंबक ठेवा. फ्रिजवर चिकटवायचं असतं तेसुद्धा चालेल. दुकानदार हसेल, हसू द्या. आपल्या चांगल्या ताट-वाट्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर निकेल असतं. ते गंजत नाही, पण पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून, कडकही होत नाही. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. असल्या पत्र्याची सुरी केली तर ती पहिले चार दिवस कापते, मग नुसती चकाकते. सुरीचं स्टील वेगळं, त्यात कार्बन हवा, आणि त्याला लोहचुंबक चिकटतं. चिकटलं म्हणजे सुरी चांगलीच असं नाही, पण चिकटलं नाही तर घेऊच नका. हे दुखणं तसं जुनं आहे. इंग्लंडात शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ लोखंड शोधता शोधता न गंजणारं पोलाद बनवलं आणि त्याच्या सुऱ्या करायचं डोक्यात घेतलं. गावातल्या कारागिरांनी त्याची टिंगल केली, हा न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा म्हणून. पुढे त्याला पाणी कसं द्यायचं ते जमलं आणि शेफील्डच्याच सुऱ्या जगभर गेल्या.

आता जपानी सुऱ्यांची टूम आहे. सुंदर असतात, नाही म्हणत नाही. त्यांचं पोलाद जास्त कडक, धार बारीक कोनाची, त्यामुळे धार खूप दिवस टिकते. पण कडक म्हणजे ठिसूळही. आपल्या घरात कुणीतरी त्याच सुरीने सुक्या खोबऱ्याची वाटी कापणार, आणि धारेचा टवका उडणार. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या थोड्या मऊ; लवकर बोथटतात, पण दगडावर लवकर परत येतात. अनेक हातांच्या घरात मी हीच घ्या म्हणेन.

लहान सुरीवर फार पैसे घालवू नका. तीन-साडेतीन इंच पातं, पातळ, टोकदार. लसूण, मिरचीचे देठ, बटाट्याचे डोळे, भरायच्या वांग्यांना देठ शाबूत ठेवून चार चिरा देऊन आतली कीड बघणं, एवढं तिचं काम. ती हरवतेही, सालांबरोबर कचऱ्यात जाते. शे-दीडशेची घ्या.

दात्यांच्या सुरीबद्दल माझं मत असं की पाव रोज खात असाल तर घ्या. वरण-बट्टीचे उकडलेले उंडे कापायला ती लोक वापरतात, मला नाही आवडत. काप खडबडीत होतात आणि तळताना भुगा तुपात उतरतो. मोठ्या सुरीला तेलाचा हात लावला की बट्टी सुरेख कापली जाते.

विळी ठेवायची का? आमच्या घरात हा प्रश्न विचारायची सोय नाही. सासूबाई धुळ्याकडच्या. माझी नवी सुरी त्यांनी एकदा उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "ती सुरी ऱ्हाऊ दे, इळी लई ये." म्हणजे विळी घेऊन ये. त्यांचं चुकत नाही. विळीचं पातं पायाखाली पक्कं असतं, त्यामुळे भाजी धरायला दोन्ही हात मोकळे. डांगर, पत्ताकोबी, सुकं खोबरं असल्या टणक, गोल वस्तूंना सुरी लावली की ती घसरते आणि तळहातात जाते. विळीवर तीच वस्तू दोन्ही हातांनी दाबली की मुकाट दोन तुकडे.

हे नीट बघायचं असेल तर हिवाळ्यात यावल-रावेरकडच्या एखाद्या शेतात भरीत पार्टीला जा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी, पण आमच्या पार्ट्या त्याच्या कितीतरी आधीच्या. पुरुष मंडळी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत धुरात उभी असतात, आणि बाजूला सतरंजीवर चार-पाच बायका विळ्या घेऊन बसलेल्या. एक जण पातीची जुडी दोन्ही हातांनी गच्च आवळून पात्यावर पुढे ढकलत राहते, खालच्या परातीत हिरवा ढीग वाढत जातो, आणि तिचं सगळं लक्ष समोरचीच्या सुनेच्या गोष्टीत असतं. दुसरी खोबऱ्याचे काप काढते, इतके पातळ की कडेने उजेड दिसावा. तळल्यावर ते काप भरितात दाताखाली येतात तेव्हा त्या पातळपणाचं मोल कळतं. तिथे मी माझी मोठी सुरी घेऊन कधी बसले नाही, हसं करून कोण घेणार?

पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये मांडी घालून कोण बसतंय? ओट्याला स्क्रूने आवळायची विळी मिळते, पण कठडा किती जाड आहे ते मोजून घ्या, नाहीतर ती डुगडुगते आणि डुगडुगणारी विळी वाईट.

काही कामं घरच्या कुठल्याच पात्याची नाहीत. लोणच्याची कैरी कोयीसकट बाजारातच फोडून घ्यावी. तिथे बसलेल्यांकडे मोठा अडकित्ता असतो, आणि कोयीच्या कवचावर घरची सुरी वाया घालवण्यात शहाणपण नाही. मटणाचंही तसंच, तुकडे खाटकाकडूनच करून आणायचे. कच्च्या केळीला सुरी चालते, पण आधी हाताला आणि पात्याला तेल लावा, नाहीतर चीक बसतो आणि हात काळे पडतात.

सुरीचा खरा शत्रू मात्र कैरीही नाही, खोबरंही नाही. स्टीलचं ताट. बेसनाच्या पातोड्या थापल्या की आपण काय करतो? ताटातच सुरीने चौकोन पाडतो. कर्र आवाज येतो ना, तो धार गेल्याचा. पातोड्या उलथण्याच्या कडेने पाडा, छान पडतात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर लिंबू कापणं हाही तोच प्रकार, आणि दिसायला गोड ते काचेचे पाटही. लाकूड किंवा प्लास्टिक, बस. आणि सुरी मोरीत खरकट्या भांड्यांखाली टाकू नका; धार जातेच, शिवाय भांडी घासणाऱ्या बाईचा हात कापतो. धुवा, पुसा, ठेवा.

धार. गल्लीत सायकलवर चाक घेऊन धारवाले येतात, त्यांना कात्री, विळी जरूर द्या. चांगली सुरी देताना मी जवळ उभी राहते. कोरड्या चाकावर ठिणग्या उडत राहिल्या आणि कड निळसर झाली की पात्याचं पाणी उतरलं समजा, मग ती धार टिकत नाही. मध्ये मध्ये पाण्यात बुडवा म्हणून सांगावं, चांगला कारागीर ऐकतो. घरी हजार नंबरचा दगड पुरतो. ओला करायचा, सुरी त्यावर आडवी ठेवून पात्याची पाठ करंगळीच्या जाडीएवढी उचलायची आणि तोच कोन धरून सावकाश घासायचं. दुसऱ्या बाजूने अंगठा धारेवरून आडवा, हलका फिरवला की खरखरीत कड लागते. म्हणजे ही बाजू झाली, आता उलटा. टोमॅटोच्या सालीवर नुसतं ठेवून ओढल्यावर पातं आत गेलं पाहिजे, दाबायला लागलं तर अजून थोडं घासा. सेटमध्ये येते ती कांडी धार लावत नाही, वाकलेली कड सरळ करते. दगडाची जागा ती घेत नाही.

राहता राहिलं लोहाराचं पातं. रस्त्याच्या कडेला पालं टाकून बसलेले लोहार गाडीच्या जुन्या कमान-पाट्याच्या सुऱ्या आणि विळ्या करून देतात. कार्बनचं पोलाद, धार अशी की दुकानातल्या महाग सुरीने लाजावं. पण लिंबू-कैरी लागली की काळं पडतं, आणि ओलं ठेवलं तर सकाळी गंज. कापलं की लगेच पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. तीन मुलींच्या फ्लॅटमध्ये हे होणार नाही, म्हणून भाचीला मी स्टेनलेसच घे म्हटलं. तिने माझी लोहाराची सुरी मागितली होती. ती मी देणार नाही.