चिठ्ठीवरचा कोरा रकाना

आईला त्रास काहीच नव्हता. निदान ती तसं सांगायची. वय ७८. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला गेलो, तेव्हा नव्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. ‘मर्मर आहे, टूडी इको करून घ्या,’ म्हणाले आणि चिठ्ठी दिली. मर्मर म्हणजे हृदयातून रक्त वाहताना येणारा जादा आवाज, आणि टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

पुढच्या तीन आठवड्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. चिठ्ठीवर ‘तपासणीचे कारण’ हा रकाना कोरा होता. इकोच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, त्रास काय होतो? आई म्हणाली, ‘काही नाही हो.’ झालं, नाव साध्या रांगेत लागलं आणि तारीख मिळाली दोन महिन्यांनंतरची. दुसऱ्या खेपेला ईसीजी मागितला. तो नॉर्मल. मग घाई कशाची? मला उत्तर सुचलं नाही. ईसीजी हृदयातले विजेचे संदेश टिपतो. हृदयाची झडप किती उघडते ते त्यात दिसत नाही, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या खेपेला मी आवाज चढवला. उपयोग शून्य.

शेवटी आईला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘आजी, वर्षभरापूर्वी करत होता असं काय सोडलंत?’ आई पटकन म्हणाली, ‘जिना. मधेच धाप लागते, एकदा अंधारीही आली.’ जिनाच सोडला, म्हणून धापही लागत नव्हती! एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. डॉक्टरांनी रकान्यात लिहिलं: मर्मर, श्रमाने धाप, अंधारी. चौथ्या दिवशी इको झाला.

इकोला अर्धा तास लागला. सुई नाही, उपाशी राहणं नाही. महाधमनीची, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीची झडप ०.८ चौरस सेंटिमीटर एवढीच उघडत होती. निरोगी झडप ३ ते ४ उघडते, १ च्या खाली गंभीर. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवली, छाती उघडावी लागली नाही.

रकाना डॉक्टरांसमोरच भरून घ्या. म्हाताऱ्या माणसाला ‘त्रास होतो का’ विचारू नका, ‘काय करणं सोडलं’ ते विचारा. साठी-पासष्टी उलटलेल्यांच्या छातीला वर्षातून एकदा तरी स्टेथोस्कोप लागलाच पाहिजे, तेही शर्टावरून नव्हे. आणि हो, जुना इको रिपोर्ट असेल तर सोबत न्या. झडप किती वेगाने अरुंद होतेय ते त्यावरून कळतं. आमच्याकडे नव्हता. इतकी वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, पण इको कुणी सांगितलाच नव्हता.