ऑपरेशनचं ठरवायचं कुणी?

ब्रिटनमध्ये राहायला लागल्यापासून पुष्कळ गोष्टी अंगवळणी पडल्या, पण डॉक्टर निर्णय आपल्यावर सोपवून मोकळे होतात, हे अजून पचत नाही. माझं अंग खाली आलंय; गर्भाशय थोडं, योनीची मूत्राशयाकडची भिंत जास्त. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिवाला धोका नाही. त्रास कितपत होतो ते तुम्ही सांगा, मग बघू." आत्याला फोनवर हे सांगितलं, तर तिचा निकाल तयार : "पिशवी काढून टाक एकदाची. आता तिचं काम काय?"

या वेळी मात्र मला डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पटलं. अंग किती खाली आलं यावरून टप्पे ठरतात खरे, पण टप्पा आणि त्रास यांचा मेळ बसतोच असं नाही. कुणाचं बाहेर डोकावतं तरी ती खुशाल हिंडते. माझं तेवढं नाही. सकाळी तर काहीच जाणवत नाही. संध्याकाळी ओट्याशी उभी राहिले की मात्र दोन पायांमध्ये चेंडू अडकल्यासारखं वाटतं. लघवीला जाऊन आलं तरी मूत्राशय मोकळं होत नाही, पुढे वाकून पुन्हा बसावं लागतं.

'नाइस' या उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या इथल्या संस्थेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सुचवतात, देखरेखीखाली, निदान १६ आठवडे. कंटाळवाणे आहेत, पण जडपणा कमी झाला. शिवाय बद्धकोष्ठ आणि जुना खोकला आवरायचा, कारण दोन्हींत जोर खालीच येतो.

मग रिंग, म्हणजे अंग वर धरून ठेवायला योनीत बसवायची कडी. पहिली शौचाला बसल्यावर निसटलीच! मोठ्या मापाची दिली, ती टिकली. आता मीच काढते, धुते, परत बसवते. लाज पहिल्यांदाच काय ती वाटली.

ऑपरेशनला माझा नकार नाही. पण आत्याला वाटतं तसं पिशवी काढली की सगळं जागेवर, असं नसतं. भिंत सैल असेल तर ती वेगळी शिवावी लागते, आणि पिशवी न काढता वर बांधूनही घेता येते. टाके घातले तरी अंग पुन्हा खाली येऊ शकतं. खाली आलेल्या मूत्राशयामुळे कधी कधी मूत्रमार्ग दुमडलेला असतो. ऑपरेशननं तो सरळ झाला की आधी कधी नव्हती ती खोकताना लघवी गळण्याची तक्रार सुरू होऊ शकते. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि जाळी : खाली आलेल्या भागाला आधार म्हणून आत बसवतात ती. योनीमार्गातून जाळी बसवण्यावर जुलै २०१८ मध्ये इंग्लंडात स्थगिती आली. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीएने या आजारासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. जाळीच्या त्रासाचीही चौकशी करणाऱ्या, इथल्या २०२० च्या कंबरलेज अहवालात तर पानोपानी एकच रड आहे, की बायका दुखतंय म्हणत होत्या आणि कुणी कान दिला नाही. म्हणून माझ्यापुढे जो पर्याय येईल त्यात जाळी आहे का, हे मी पहिल्यांदा विचारते.

सध्या रिंगवरच आहे. ती टोचायला लागली, रक्त दिसलं किंवा ती घालूनही संध्याकाळचं उभं राहणं जमेनासं झालं, तर ऑपरेशनच्या यादीत नाव घालीन. त्याआधी सर्जनना विचारणार : हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता, आणि त्यातल्या किती जणींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं?