गुऱ्हाळातली शॉर्टफिल्म: रशेस ऐकून स्वतःचं दिग्दर्शन तपासताना

गुऱ्हाळावरच्या शॉर्टफिल्मचा पहिला कट लागला. मागच्या नोंदीत कॅमेरा आणि लेन्सबद्दल लिहिलं होतं, आज फक्त दिग्दर्शनाबद्दल. माझं कोर्सचं शेवटचं वर्ष आहे आणि दिग्दर्शन हेच पोटापाण्याचं काम करायचं का, हे मला या फिल्मवरून ठरवायचं आहे.

त्यासाठी मी कट बाजूला ठेवला आणि रशेस, म्हणजे शूटिंगचं न कापलेलं मूळ फुटेज, काढल्या. कटमध्ये एडिटिंगनं बरंच काही सावरून घेतलेलं असतं. 'ॲक्शन' म्हणायच्या आधी आणि 'कट' म्हटल्यावर मी नटांशी काय बोलले, हे मात्र साउंड रेकॉर्डरनं जसंच्या तसं ठेवलेलं होतं. हेडफोन लावून माझी प्रत्येक सूचना वहीत उतरवली आणि तिच्यापुढे लिहिलं: पुढच्या टेकमध्ये काही बदललं का? स्वतःला जोखायची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

गोष्ट एवढीच: बाप गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, मुलगी नोकरीसाठी पुण्याला निघालेली. हंगाम ऐन भरात, त्यामुळे तिला ते रस उकळायच्या मोठ्या कढईसमोर, काहिलीसमोरच सांगावं लागतं. काहिलीखालची भट्टी, म्हणजे चुलवाण, पेटलेलं असताना गुळव्या रसावरची नजर काढू शकत नाही. अख्खं नाट्य मला त्या न वळणाऱ्या नजरेत दिसलं, म्हणूनच ही जागा निवडली.

आता जिथे मी पक्की आहे, तिथपासून. आदण, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळायला घातलेला रस, कुणासाठी थांबत नाही. आधी मातकट हिरवा रस, मग भेंडीचं पाणी पडलं की वर येणारी रसातली घाण, म्हणजे मळी, मळी काढल्यावर चढणारा पिवळा फेस, साधारण १०५ अंश सेल्सिअसला काकवी (पातळ गूळ) आणि ११८च्या आसपास गूळ. प्रत्येक टप्प्याला रंग वेगळा, वाफ वेगळी, उजेडही वेगळा. सोयीनं शॉट उलटसुलट घेतले असते तर एकाच वाक्यात रस हिरव्याचा तांबूस झाला असता. म्हणून सीन गोष्टीच्या क्रमानंच शूट केला आणि संवादाचे तीन तुकडे तीन कामांना बांधले: मळी काढताना ती नुसती आसपास वावरते, काकवीच्या वेळी सांगते, आणि गार पाण्यात गुळाची गोळी वळते का हे बघत असताना बाप उत्तर देतो. तिच्या बाजूचे क्लोजअप दुसऱ्या आदणावर घेतले, तेही त्याच टप्प्यांवर. रशेस जुळतात. हे नियोजन मला जमतं, असं मी आता ठामपणे म्हणू शकते.

काहील गोल असल्यामुळे ॲक्सिसचा, म्हणजे दोन पात्रांमधल्या ज्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा असतो तिचा, प्रश्न मात्र जड गेला. टेबलावर समोरासमोर बसलेल्या दोघांत १८० अंशांची रेषा सहज ओढता येते. इथे माणसं काहिलीभोवती फिरत असतात, रेषाही त्यांच्याबरोबर फिरते. शेवटी कागदावर वरून दिसणारा नकाशा काढला, त्यात चुलवाणाचं तोंड आणि चिपाडाचा (रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचा) ढीग पक्के केले आणि दोघांच्या चालीचे बाण दाखवले. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर इथेच, कोल्हापुरात, शूटिंगआधी वेशभूषेची आणि हालचालींची रेखाटनं करायचे. तसा हात माझ्याकडे नाही, पण वरून काढलेला नकाशा कॅमेरामनला आणि नटांना एकदम समजतो. पुढेही हेच करणार.

उजेडाबद्दल थोडक्यात: शेडमधल्या ट्यूब ५० हर्ट्झच्या, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवलं, झगमग आली नाही. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ऑटोवर कधीही नाही, जाळ कमीजास्त झाला की रंग पळतो. उसाचा चरक बंद असताना चुलवाणाचा आवाज सलग दोन मिनिटं वेगळा घेऊन ठेवला, तो एडिटला फार उपयोगी पडला.

आता वहीतला मुख्य भाग. मुलीचं काम करणारी मैत्रीण एकांकिका स्पर्धांमधून आलेली आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, मोठे हात, आणि प्रत्येक वाक्याआधी एक श्वास. माझ्या सूचना दोन जातींच्या निघाल्या. पहिली जात: 'थोडं हळवं कर', 'अजून आतून येऊ दे', 'थोडं कमी'. यांच्यापुढे जवळजवळ सगळीकडे 'बदल नाही' लिहिलेलं आहे. फार तर आवाज उतरला, चेहरा तसाच राहिला. दुसरी जात: 'बाबांची नजर काहिलीवरून हलली पाहिजे, तेवढ्यासाठी बोल', 'चुलीत चिपाड सारत असतानाच सांग, हात थांबवू नकोस'. इथे प्रत्येक वेळी टेक बदलला. हात कामात गुंतल्यावर तिचा रंगमंचावरचा श्वास आपोआप गेला आणि 'मी सोमवारी निघते' हे वाक्य घाईत, अर्धवट गिळून आलं. तेच फिल्ममध्ये ठेवलं आहे.

भाव मागितला की नट भाव दाखवतो. करायला काम आणि मिळवायला काही दिलं की तो समोरच्याकडे बघायला लागतो. हे मी वर्गात ऐकलं होतं. ते आता माझ्याच आवाजात, माझ्याच टेकवर तपासून बघितलं, म्हणून विश्वास बसला. दुसऱ्या जातीच्या सूचना मला सुचतात, पण उशिरा, पहिल्या जातीच्या संपल्यावर. सेटवर तेवढा वेळ मिळत नाही. माझी खरी तयारी इथे व्हायची आहे.

बापाच्या भूमिकेत खरेच गुळव्या काका आहेत, नट नव्हेत. त्यांना पटकथा दिली नाही. दोन वाक्यं सांगितली आणि म्हटलं, 'काका, गूळ बिघडू देऊ नका, बाकी तुम्हाला जमेल तसं बोला.' मुलीचं बोलणं ऐकून त्यांनी गोळी बोटांत दाबली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मी कट म्हटलं नाही. कोणी म्हणेल यात दिग्दर्शन कुठे आहे? माझ्या मते ते तिथेच आहे: माणसाची निवड, त्याच्या हाताला त्याचंच काम, आणि शांत राहायची तयारी.

तर हिशेब असा: जागा, शॉटची आखणी आणि वेळापत्रक यांच्या जोरावर असिस्टंट म्हणून सेटवर उभी राहीन. नटांबरोबरच्या कामाला अजून शिक्षण हवं. पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या तीन वर्षांच्या दिग्दर्शन अभ्यासक्रमाची परीक्षा देणार आहे. १९२९ला कोल्हापुरात निघालेली 'प्रभात' फिल्म कंपनी १९३३ला पुण्याला गेली, आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६०मध्ये ही संस्था उभी राहिली. कोल्हापूरकर म्हणून त्या आवारात शिकायची मला मनापासून ओढ आहे. प्रवेश नाही झाला तर मुंबईत असिस्टंटचं काम शोधेन, पण नटांबरोबरची तालीम दोन्हीकडे चालू राहील.

पुढचा सराव ठरला आहे. एक खोली, दोन नट, एक पानाचा सीन, कॅमेरा नाही, फक्त रेकॉर्डर. तालमीच्या आधीच प्रत्येक वाक्यापुढे एक क्रियापद लिहून न्यायचं: टाळणं, चुचकारणं, अडवणं, कबूल करून घेणं. भाव सांगणारा एकही शब्द न वापरता अख्खी तालीम घ्यायची आणि नंतर रेकॉर्डिंग ऐकून वही पुन्हा भरायची. एकांकिकेतल्या आणखी दोघांना विचारलं आहे, दोघंही तयार आहेत.