तेन्नोझान: डोंगर की शब्द?

त्या दिवशी यादीत ११२ विशेषनामं होती. जपानी-इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीत त्यातली कुठली घ्यायची आणि कुठली गाळायची, हे चारच्या आत ठरवायचं होतं. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आमच्या पुण्यातल्या टेबलावरून फाइल चारला निघाली, तरच तिकडच्या संपादकांना ती रात्रीच्या आत बघता येते.

आमच्या मॅडम या कामात पंचवीस वर्षं आहेत. त्यांचा नियम सरळ आहे: कोश शब्दांचा, नावांचा नाही. त्यामागचं कारणही भक्कम आहे, कारण नावांना एकदा दार उघडलं की ती थांबत नाहीत. जिम ब्रीन यांनी ऑस्ट्रेलियात १९९१ साली सुरू केलेल्या जपानी-इंग्रजी कोशप्रकल्पात शब्दांच्या नोंदी दोन लाखांच्या घरात आहेत, तर वेगळ्या ठेवलेल्या नावांच्या नोंदी सात लाखांच्या वर. छापील कोशाला हे पेलणं शक्यच नाही.

पहिली पन्नास-साठ नावं भराभर मार्गी लागली. हयात माणसं बाहेर, रेल्वे स्टेशनं बाहेर. 'दोइत्सु' म्हणजे जर्मनी आणि 'ओरांदा' म्हणजे नेदरलँड्स, हे इंग्रजीवरून कुणाला सुचणार नाही, म्हणून दोन्ही आत. नद्यांपाशी जरा थांबलो. 'गावा' किंवा 'कावा' म्हणजे नदी. तोनेगावाचं इंग्रजीत 'तोने रिव्हर' होतं, पण आराकावाचं 'आराकावा रिव्हर', म्हणजे नदी दोनदा. नियमाने चालाल तर फसाल, म्हणून त्याही घेतल्या.

मग आलं तेन्नोझान. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "डोंगर आहे. क्योतोजवळचा. बाहेर."

मी म्हटलं, "मॅडम, हा नको काढायला."

याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं आहे. चाकणच्या एका कारखान्याला जपानहून पत्र आलं होतं. त्यात वाक्य होतं, या महिन्याचं ऑडिट हेच आपलं तेन्नोझान आहे. भाषांतर करणारी मुलगी नवीन, नुकतीच जपानीची परीक्षा पास झालेली. हा शब्द अडल्यावर तिने कोश उघडला. त्यात एवढंच होतं: क्योतो प्रांतातला एक डोंगर. तिने लिहिलं, या महिन्याचं ऑडिट तेन्नोझान डोंगरावर आहे. दुसऱ्या दिवशी साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, ऑडिट चाकणला ठरलेलं असताना आपल्याला क्योतोला का बोलावतायत? त्या मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही. तिने आळस केला नव्हता. तिने कोश उघडला होता, आणि कोशानेच तिला वाऱ्यावर सोडलं.

तेन्नोझान जेमतेम २७० मीटर उंच आहे. १५८२ साली याच्या पायथ्याशी यामाझाकीची लढाई झाली आणि हिदेयोशी या सरदाराने आकेची मित्सुहिदे या दुसऱ्या सरदाराला हरवलं. डोंगर ज्याच्या ताब्यात त्याची सरशी, असं लोकांच्या मनात बसलं आणि तेन्नोझान म्हणजे निकाल लावणारा क्षण, असा अर्थ रुळला. आज बेसबॉलच्या बातमीत शेवटच्या टप्प्यातल्या कळीच्या सामन्याला तेन्नोझान म्हणतात. तिथे डोंगराचा काही संबंध नसतो.

हे मी मॅडमना सांगितलं, तरी त्या गप्पच. मग मी विचारलं, "मॅडम, मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला कुणी म्हटलं की त्याने मला कात्रजचा घाट दाखवला, तर तो काय समजेल?"

"सहलीला नेलं म्हणून," त्या म्हणाल्या. मग पेन खाली ठेवलं. "आणि संघाचं पानिपत झालं, तर सामना हरयाणात होता असं समजेल." त्यांनी बाहेर टाकलेल्या नावांचा कागद पुन्हा पुढे ओढला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली.

पुढचे दोन तास आम्ही एकच प्रश्न विचारत होतो: हे नाव आपली जागा, आपलं माणूस सोडून दुसऱ्या कशासाठी वापरलं जातं का? नागाताचो परत आलं, कारण बातम्यांत त्याचा अर्थ टोकियोतला मोहल्ला नसून राजकारण असा असतो. टोकियोतलंच कासुमिगासेकी म्हणजे सरकारी बाबूंचं जग. 'ओदावारा ह्योजो' ही कधीच निर्णयाला न येणारी चर्चा. १५९० साली हिदेयोशीचा वेढा पडलेला असताना होजो घराण्याची माणसं ओदावाराच्या किल्ल्यात नुसती खल करत बसली, त्यावरून. आणि दोझाएमोन. हा एदो काळातला सुमो पैलवान, गोरा आणि अंगाने फुगलेला. पाण्यात बुडून मेलेल्या माणसाचं प्रेत त्याच्यासारखं दिसतं असं लोक म्हणू लागले आणि बुडालेल्या प्रेतालाच दोझाएमोन हे नाव पडलं. त्या पैलवानाचं मला वाईट वाटतं, पण शब्द खरा आहे, त्याला गाळता येत नाही.

एका जागी मात्र आमचं जमलं नाही. 'तीन' आणि 'भातशेत' या अर्थांची दोन जपानी चिन्हं शेजारी लिहिली की टोकियोत त्याचा उच्चार मिता होतो आणि ह्योगो प्रांतात सांदा. 'पूर्व', 'समुद्र' आणि 'झाडी' या तीन चिन्हांचं आडनाव कुणी तोकाइरिन वाचतं, कुणी शोजी, आणि शोजी हा उच्चार त्या चिन्हांतून कसाही काढता येत नाही. माझं म्हणणं, वाचणारा अडतो तो इथेच, मग कोश त्याच्या कामाला इथे नको का यायला? मॅडमचं म्हणणं, हे अर्थाचं काम नाही, उच्चाराचं आहे, आणि त्यासाठी नावांचे वेगळे कोश आहेत. शेवटी गावांच्या नावांपैकी मिता-सांदा घेतलं, आणि टोकियोत निहोम्बाशी पण ओसाकात निप्पोम्बाशी वाचली जाणारी जोडीही घेतली. आडनावं राहिली. मला ते अजून पटलेलं नाही.

पावणेचारला तेन्नोझानची नोंद लिहायला घेतली. मी सवयीने आधी डोंगर, त्याची जागा, मग लढाई आणि शेवटी अर्थ असं लिहिलं. मॅडमनी वाचलं आणि बाण काढून शेवटची ओळ वर नेली: १. निर्णायक क्षण, निकाल लावणारी लढत. २. क्योतो प्रांतातील एक डोंगर.

"अशी मुलगी पहिलीच ओळ वाचते," त्या म्हणाल्या.

चारला पाच मिनिटं असताना फाइल गेली.